पहाटेची पहिली नको

गेल्या जुलैत माझा पीएच.डी.चा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला. विषय होता, मूत्राशयाच्या कॅन्सरचा सुगावा लघवीतल्या डीएनएवरून लागतो का. विषय सांगितला की समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे तू रोज...?" हो, रोज. सव्वादोन वर्षं, शनिवार धरून.

पीएच.डी.ला बसले तेव्हा रुग्णांकडून नमुने घेऊन काम करायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, हे सांगणारं आसपास कुणी नव्हतं. आमच्या लॅबमधल्या बाकी सगळ्यांचं काम बाटलीतल्या पेशींवर, नाहीतर उंदरांवर. उंदराला संमतीपत्र वाचून दाखवावं लागत नाही. म्हणून आठवतंय तोवर तारखांसकट लिहून ठेवते.

प्रवेश घेतला जुलै २०१९ मध्ये, पुण्यात. जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप होती, महिना ३१,००० आणि वर घरभाडं, त्यामुळे पैशाची चिंता तेव्हा नव्हती. गाईड मॅडमनी पहिल्याच महिन्यात मला एका हॉस्पिटलच्या युरॉलॉजी ओपीडीत नेऊन बसवलं. "आठ दिवस नुसती बघ," म्हणाल्या. लघवीतून रक्त गेलं म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर सोनोग्राफी सांगत तोवर तो शांत असायचा. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून आत बघावं लागेल म्हटलं की चेहरा बदलायचा. शिवाय हा रोग हट्टी आहे. गाठ काढली तरी पुन्हा उगवतो. जोखीम जास्त असेल तर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बीण, पुढेही वर्षानुवर्षं चालूच.

लघवीतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघायची तपासणी आहे. जुनी आहे, स्वस्त आहे, सुईसुद्धा लागत नाही. तिची खोड एवढीच की आक्रमक कॅन्सरच्या पेशी ती चांगल्या पकडते आणि सौम्य जातीच्या सोडून देते, कारण त्या दिसायला चांगल्या पेशींसारख्याच असतात. मग पेशी कशी दिसते ते सोडून तिच्या डीएनएत काय लिहिलंय ते वाचलं तर? टर्ट नावाचं एक जनुक आहे, त्याच्या सुरुवातीला असलेल्या बटणासारख्या भागात दोन ठराविक जागी एकेक अक्षर बदललेलं सापडतं. हे बदल कॅन्सरमध्ये असतात ही गोष्ट २०१३ मध्ये पुढे आली आणि मूत्राशयाच्या निम्म्याहून बऱ्याच जास्त गाठींत दोन्हींपैकी एक असतो. दोनच जागा बघायच्या, म्हणजे तपासणी स्वस्तात बसेल, असा आमचा हिशोब. माझं काम तिला आपल्या ओपीडीतल्या खऱ्याखुऱ्या लघवीवर बसवायचं.

कोर्सवर्क संपत आलं आणि मार्च २०२० उजाडला. पुढचे सात महिने दोन ओळींत सांगते. ओपीडी बंद, तातडीच्या नसलेल्या दुर्बिणी बंद, डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवणारं आमचं पीसीआर मशीन कोविडच्या तपासण्यांना गेलं. मी घरी बसून एथिक्स कमिटीचे, म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीचे, फॉर्म भरले.

ते बरंच झालं, कारण त्या फॉर्मना खरंच तेवढा वेळ लागतो. आमच्याकडे विद्यार्थ्यांना फी २,००० रुपये होती. प्रोटोकॉल, रुग्णासाठी माहितीपत्रक, संमतीपत्र, हे सगळं इंग्रजी, मराठी आणि हिंदीत. मराठीचं पुन्हा इंग्रजीत भाषांतर, तेही दुसऱ्या व्यक्तीकडून, आणि त्या व्यक्तीचं सहीचं प्रमाणपत्र. हे उलट भाषांतर मी शेवटच्या आठवड्यावर ठेवलं होतं. तुम्ही ठेवू नका. कमिटी आमच्याकडे दोन महिन्यांतून एकदा बसायची आणि कागद तीन आठवडे आधी लागायचे. एक प्रमाणपत्र राहिलं की सरळ दोन महिने गेले. माझे गेले.

जानेवारी २०२१ मध्ये कमिटीपुढे उभी राहिले. कमिटीत डॉक्टर असतातच, पण एक वकील, एक समाजशास्त्राचं माणूस आणि एक साधं, वैद्यकाशी संबंध नसलेलं माणूसही असावं लागतं. मी डॉक्टरांच्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. त्यांनी फारसं काही विचारलंच नाही. त्या साध्या सदस्य बाईंनी माझं मराठी संमतीपत्र पुढे ओढलं. म्हणाल्या, "मूत्राशय कुणाला कळतं हो? लघवीची पिशवी लिहा. आणि 'मूत्र नमुना संकलन' हे काय? कपात लघवी घेणार ना तुम्ही? मग तसं लिहा." मग मुद्द्याचं बोलल्या. पहिल्याच ओळीत 'कर्करोग' आहे. ज्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही, तपासणीला आलाय बिचारा, त्याला तो शब्द पहिल्यांदा तुमच्या कागदावर वाचायला मिळणार का?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेवटी असं ठरलं की डॉक्टर रुग्णाशी बोलून दुर्बीण का करायची ते सांगतील, मगच मी कागद पुढे करायचा. शब्द मात्र ठेवायचा, लपवायचा नाही. दुसरी ओळ कमिटीनं ठळक करायला लावली: ही तपासणी अजून सिद्ध झालेली नाही, म्हणून तिचा निकाल तुम्हाला दिला जाणार नाही आणि तुमचे उपचार तिच्यावरून ठरणार नाहीत. ती ओळ पुढे मला जड गेली, त्याबद्दल येईनच.

मंजुरी फेब्रुवारीत आली. मग सीटीआरआयवर, म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत, नोंदणी. तिला पैसे पडत नाहीत, पण पहिला रुग्ण घेण्याआधी ती झालेली असावी लागते, नंतर करू म्हणून चालत नाही. फॉर्म भरताना वाटतं तेवढा सरळ नाही. तीनदा शंका येऊन परत आला. एकदा तर कारण एवढंच, की मंजुरीच्या पत्रावरचं शीर्षक आणि मी टाइप केलेलं शीर्षक यात एका शब्दाचा फरक होता. नोंदणी क्रमांक मिळायला एप्रिल संपला. मग दुसरी लाट. पहिला कप हातात आला ऑगस्ट २०२१ मध्ये.

आणि तिसऱ्याच दिवशी कळलं की माझा प्रोटोकॉल चुकलाय.

मी लिहिलं होतं, 'पहाटेची पहिली लघवी'. का लिहिलं होतं? सगळीकडे तसंच असतं म्हणून. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर तेच सांगतात. पण आम्ही अर्धा नमुना पेशी बघायला पॅथॉलॉजीत देत होतो आणि तिथल्या सरांनी पहिल्याच स्लाइडवरून मला बोलावून घेतलं. पेशी फुगलेल्या, कडा विरघळलेल्या. रात्रभर लघवीत पडून राहिल्या की त्यांचं असंच होतं. "उठल्यावरची पहिली जाऊ दे, त्यानंतरची घे," म्हणाले. शिवाय पहाटेची मिळणार तरी कुठून? निम्मे रुग्ण बाहेरगावचे. सोलापूरचा माणूस हुतात्मा एक्सप्रेस पकडायला पहाटे उठणार, गाडीत दोनदा जाऊन येणार आणि अकराला ओपीडीत पोचणार.

तीन शब्द बदलायचे होते. त्यासाठी दुरुस्तीचा अर्ज, बदललेलं माहितीपत्रक तिन्ही भाषांत, पुन्हा उलट भाषांतर, कमिटीची पुढची बैठक. ऑक्टोबर ते डिसेंबर गेला. तोवर घेतलेले नमुने अभ्यासातून वगळले. म्हणून सांगते, मंजुरीला पाठवण्याआधी लॅबमधल्याच पाचदहा जणांचे कप घेऊन सगळी साखळी एकदा चालवून बघा. आम्ही नंतर केलं. सगळ्या लॅबनं कप दिले आणि आठवडाभर एकमेकांकडे बघून हसत होते.

बाकीचं मला ओपीडीतल्या मावशींनी शिकवलं. कपावर मार्करनं पन्नास मिलीची रेघ मारून द्यायची, नाहीतर लोक संकोचानं चमचाभर आणतात. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना "आत्ता द्या" म्हणायचं नाही. पाण्याची बाटली द्यायची, बाकावर बसवायचं, आपण दुसरीकडे बघायचं. बायकांना दाराबाहेर पिशवी धरायला कुणीतरी लागतं, कारण आत ती अडकवायला खिळासुद्धा नाही. मी किती पिशव्या धरल्या असतील! लघवी आली की तासा-दोन तासांत सेंट्रिफ्यूज व्हायला हवी, म्हणजे गरागरा फिरवून पेशी तळाशी बसवायला हव्यात. हॉस्पिटल ते लॅब रिक्षानं पंचवीस मिनिटं, मांडीवर बर्फाचा डबा. रिक्षावाल्यानं एकदा विचारलं, आईस्क्रीम का? मी हो म्हटलं.

सॅनिटायझरचाही एक धडा आहे. तेव्हा सगळं फवारून घ्यायची सवय होती. मी सहा कप फवारले आणि मार्करनं लिहिलेले सहाही क्रमांक माझ्या हातावर आले. सहा माणसांनी विश्वासानं दिलेले कप ओतून द्यावे लागले. त्या दिवशीच फ्रीजरमध्ये टिकणारी छापील लेबलं मागवली.

२०२२ चा पूर्वार्ध काळ्या जेलचा. पीसीआर जमला तर जेलवर डीएनएचा चमकता पट्टा दिसतो. टर्टच्या नेमक्या त्या तुकड्यात जी आणि सी ही अक्षरं इतकी ठासून भरली आहेत की डीएनएचे दोन धागे एकमेकांना सोडतच नाहीत, आणि ते सुटल्याशिवाय पीसीआर व्हायचा नाही. रोज संध्याकाळी जेल यूव्हीखाली धरायचं. शिडीचे, म्हणजे मापासाठी शेजारी लावलेल्या तयार डीएनएचे, पट्टे लख्ख, माझ्या खान्यांत काळोख. तापमान बदललं, मीठ बदललं, एन्झाइम बदललं. ते नवं एन्झाइम आलं तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती, पार्सल गेटवर ठेवून गेले आणि सोमवारी उघडलं तर कोरडा बर्फ उडून गेलेला. बदलून मिळायला पाच आठवडे आणि चौदा ईमेल लागले. (थंड माल कधीही गुरुवार-शुक्रवारी मागवू नका.) शेवटी धागे सुटायला मदत करणारं थोडं डीएमएसओ घालून आणि सुरुवातीची गरम पायरी लांबवून १९ मे रोजी एक पट्टा दिसला. फिका, पण योग्य जागी. मी तो मोबाइलवर आईला पाठवला. तिनं विचारलं, यात काय बघायचंय?

तरीही रक्ताचा प्रश्न उरलाच होता, आणि तो सांगायचा तर काकांबद्दल सांगावं लागेल.

काका सोलापूरच्या पूर्व भागातले. तीस वर्षं सुताला रंग द्यायच्या कामावर. मराठी बोलायचे झकास, वाचायचे मात्र तेलुगू, आणि माझं संमतीपत्र तेलुगूत नव्हतं. म्हणून त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवलं, मधूनमधून ते मुलीला तेलुगूत काहीतरी विचारत होते. चार महिने लघवी लाल व्हायची आणि आपोआप साफ व्हायची. दुखत काहीच नव्हतं, म्हणून उन्हाळी लागली समजून धन्याचं पाणी पीत राहिले. न दुखता जाणारं रक्त हेच या रोगाचं नेहमीचं लक्षण. दुखलं असतं तर ते आधी आले असते.

माझ्या फॉर्मवर 'रंग' असा एक रकाना होता: फिकट, गुलाबी, लाल. काकांनी कप उजेडाकडे धरला, जरा तिरका केला आणि म्हणाले, "मॅडम, लाल लिहू नका. हा महरून आहे. मागल्या महिन्यात राणी होता." मग त्यांनी मला शेड समजावून सांगितल्या. कुठल्या लालात काळसरपणा असतो, कुठला पाण्यात टाकल्यावर पिवळ्यावर जातो. मी पेन्सिलनं समासात लिहून घेतलं. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचे ट्यूमर जास्त होतात हे फ्रँकफर्टच्या रेन नावाच्या सर्जननी १८९५ मध्येच मांडलं होतं. माझ्या पहिल्या प्रकरणातलं ते तिसरं वाक्य आहे. ते लिहिताना काका माझ्या ओळखीचे नव्हते. तंबाखूचा धूर हे याहून मोठं कारण, आणि काका बिडीही ओढायचे.

तर तो महरून कप. त्याचा पीसीआर झालाच नाही. रक्ताला लाल करणारा हीम पीसीआर अडवतो. वर रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा चांगला डीएनए इतका मिसळतो की कॅन्सरचा त्यात हरवून जातो. म्हणजे ज्या कपात रोग असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमका तोच कप माझी तपासणी बंद पाडत होता! लाल पेशी आधी फोडून धुऊन काढणं, काढलेला डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावणं, यानं बरेच नमुने मार्गी लागले. डीएनएची अक्षरं वाचायच्या नेहमीच्या पद्धतीला, सिक्वेन्सिंगला, तर शंभरातल्या पंधरा-वीस प्रती बिघडलेल्या असल्याशिवाय फरक दिसत नाही, म्हणून बिघडलेलं अक्षर असेल तरच वाढणारा पीसीआर वेगळा बसवला. तो बसेपर्यंत २०२३ उजाडलं.

काकांची दुर्बीण माझ्यासाठी थांबली नव्हती, आणि थांबायलाही नको होती. पेशींच्या तपासणीत आक्रमक काही नाही असा रिपोर्ट आला होता, तरी डॉक्टरांनी आत बघितलं आणि गाठ सापडली. ती दुर्बिणीतूनच खरवडून काढली. मग आठवड्याला एक असे सहा वेळा बीसीजी लघवीच्या पिशवीत सोडलं. टीबीची लस तिथं कशाला, याचं काकांना फार नवल. सहा आठवडे हुतात्मानं येऊन-जाऊन केलं. लघवीच्या तपासणीत काही निघालं नाही म्हणून दुर्बीण टाळणारे लोक मला नातेवाइकांतही भेटतात. त्यांना मी काकांचीच गोष्ट सांगते.

नमुने घेणं डिसेंबर २०२३ ला थांबवलं. तोवर, काकांचा अपवाद सोडला तर, कुठला कप कुणाचा आणि कुणाच्या दुर्बिणीत काय निघालं हे मला माहीत नव्हतं. ती यादी हॉस्पिटलकडे बंद पाकिटात होती. असंच असायला हवं, नाहीतर फिका पट्टा आपल्याला सोयीचा तसा दिसायला लागतो. अशा अभ्यासाच्या मांडणीसाठी स्टार्ड नावाची तीस कलमांची यादी आहे. ती शेवटी भरायची नसते, सुरुवातीला समोर ठेवायची असते, हे मला शेवटी कळलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पाकीट उघडलं. आकडे पेपरात येतील, इथं देत नाही. गाठ असून माझ्या तपासणीतून सुटलेले नमुने अपेक्षेपेक्षा जास्त होते, आणि त्यांतले बरेच पस असलेले किंवा रक्ताळलेले. पण ज्या एका नमुन्यानं माझी झोप घालवली तो उलट बाजूचा होता. माझ्या तपासणीत बदल स्पष्ट, तीनदा लावला तरी तोच. दुर्बीण मात्र स्वच्छ. साठीच्या एक बाई. असे काही रुग्ण पुढे खरंच गाठ घेऊन येतात, हे मी इतरांच्या अभ्यासांत वाचलेलं होतं. काही येत नाहीत, हेही वाचलेलं. आणि ठळक ओळ सांगत होती, निकाल द्यायचा नाही. मॅडमशी बोलले, कमिटीला लिहिलं. उत्तर लवकर आलं: उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवा, पुढे काय ते तेच ठरवतील. त्यांनी बाईंना नेहमीच्या फेरतपासणीला म्हणून बोलावलं. पुन्हा स्वच्छ. अजूनही त्या सहा महिन्यांनी येतात.

फेलोशिप पाच वर्षांची. जानेवारी २०२३ पासून तिचा वरचा टप्पा, एसआरएफ, महिना ४२,००० झाली आणि जुलै २०२४ ला संपली. प्रबंध अर्धा. पुढचं वर्ष एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं आणि रात्री लिहिलं. सिनॉप्सिस सप्टेंबरमध्ये, वाङ्मयचौर्याची तपासणी दोनदा (पहिल्यांदा 'पद्धती' प्रकरणातली माझीच वाक्यं माझ्याच पोस्टरशी जुळली), ना-देय प्रमाणपत्रासाठी सात सह्या. एक सही ग्रंथालयाची, जिथलं पुस्तक मी २०१९ नंतर नेलंच नव्हतं. छपाई आणि बांधणी, पाच प्रती, ४,६०० रुपये. जानेवारी २०२५ ला जमा केलं आणि सहा महिने वाट बघितली.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: "पापानिकोलाऊ आणि मार्शल यांनी १९४५ मध्ये लघवीतल्या पेशींवरून निदान मांडलं. ऐंशी वर्षं झाली. त्यानंतर कितीक तपासण्या आल्या, दुर्बीण अजून तिथंच आहे. तुमच्या तपासणीनं कुणाची दुर्बीण वाचेल?" मी म्हटलं, आत्ता कुणाचीच नाही. पुढच्या अभ्यासात कदाचित एखाद्याची, तीही नीट घेतलेल्या कपावर. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि नीट म्हणजे काय ते विचारलं. त्यावर मी वीस मिनिटं बोलले.

आता एवढंच उरलंय: कमिटीला समाप्तीचा अहवाल, सीटीआरआयवर 'पूर्ण' अशी नोंद आणि संमतीपत्रांच्या कपाटाची किल्ली. ती ज्युनियरला द्यायला परवा ओपीडीत गेले होते. बाकावर काका बसलेले, फेरतपासणीला आलेले. मुलीनं आधी ओळखलं.

"झालं का ओ मॅडम, तुमचं लघवीचं?" काकांनी इतक्या मोठ्यानं विचारलं की ओळीतल्या चौघांनी माना वळवल्या.

झालं म्हटलं. तुमचं कसं आहे?

त्यांनी हातातला कप उजेडाकडे धरला, जरा तिरका केला.

"कोरा," म्हणाले. "एकदम कोऱ्या सुतासारखा."